इक हेट सुकरी

"तिले विचार ना, देव किती तुमचे?"

सुकरीनं हे विचारलं तेव्हा तिच्या हातातल्या फोनमध्ये पांढऱ्या केसांची एक गोरी बाई मन लावून ऐकत होती. बाई हॉलंडातली, सुकरीच्या मुलाची, सुरजची सासू. विहिणीविहिणींची ही पहिलीच बोलाचाली. एकमेकींची नावं विचारून झाली होती, तब्येती विचारून झाल्या होत्या, तिकडे किती गारठा आणि इकडे किती ऊन हेही सांगून झालं होतं. सुरज आपल्या सासूशेजारी बसून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करत होता. या प्रश्नाला मात्र तो अडला.

"आई, इकडं असं नसते विचारत."

"काऊन? नाव विचारलं तं देव नाई विचाराचे?"

सुकरीच्या बाजूनं पाहिलं तर तिचं काही चुकलं नव्हतं. अहेरीच्या पलीकडे जंगलात तिचं गाव, आणि तिथल्या गोंड माणसांत नाव हे नुसतं हाक मारण्यापुरतं. खरी ओळख देवांवरून. कुणाच्या घराण्याचे देव चार, कुणाचे पाच, कुणाचे सहा, कुणाचे सात. आकडा जुळला तर तुम्ही भाऊभाऊ. नाही जुळला तर सोयरे, तुमच्यात लग्नं होऊ शकतात. एवढं एक कळलं की बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं. कुणाची थट्टा करायची, कुणापुढे आवाज खाली ठेवायचा, कुणाला मामा म्हणायचं, हे वेगळं विचारावं लागत नाही. सुकरीच्या सासरचे देव सहा आणि माहेरचे सात. नवीन माणूस भेटलं की पाण्याचा तांब्या पुढे करताकरताच ती हे विचारून घ्यायची.

शेवटी सुरजनं विचारलं. विहीणबाई आधी गोंधळल्या, मग मोकळेपणी हसल्या आणि काहीतरी बोलल्या. 

"काय म्हनते?"

"म्हनते, एकही नाई."

सुकरी हसून मान डोलवत राहिली. समोरच्या बाईला आपला चेहरा उतरलेला दिसू नये एवढं भान तिला होतं. फोन बंद झाल्यावर मात्र ती बोडीच्या पाळीवर बराच वेळ बसून राहिली. गावात फोनला रेंज नव्हती. गावाबाहेरच्या या लहानशा तळ्याच्या पाळीवर तेवढी मिळायची, म्हणून दर रविवारी ती तिथं यायची.

देव न मानणाऱ्या माणसांचं तिला काही वावडं नव्हतं. ती ज्या आश्रमशाळेत कामाला होती तिथले एक गुरुजी तसलेच होते, आणि पोरांच्या तापात रात्रभर उशाशी बसणारेही तेच. सुकरीचं दुखणं वेगळं होतं. तिच्या सुनेला, मारिटला, तिसरा महिना चालू होता. सुनेला देव नाहीत म्हणजे या मुलुखात तिला माहेर नाही. माहेर नाही म्हणजे बाळाला मामा नाही. बाळाचं पहिलं जावळ मामाच्या मांडीवर उतरतं, पहिला कपडा मामाच्या घरून येतो. ते सगळं या बाळाच्या वाट्याला कुठून येणार?

त्याहून खोल एक भीती होती, ती तिनं कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. सुरजचा बाप जाऊन तीन वर्षं झाली. उद्या आपणही गेलो की सुरज कुणासाठी इकडे येणार? मुलगा आईच्या ओढीनं येतो, आई संपली की येणं संपतं. बाई मात्र माहेरासाठी नदीनाले तुडवत येते, म्हातारी झाली तरी येते. मारिटला इथं माहेर मिळालं, तर ती नवऱ्याला आणि लेकराला हाताला धरून घेऊन येईल. नाही मिळालं, तर आपल्या घराची कडी एकदाची लागली ती लागलीच. सुकरीचा हिशेब इतका सरळ होता.

सुकरी आश्रमशाळेत कामाठी होती. पाणी भरणं, भाकरी थापणं, खोल्या झाडणं ही तिची नेमलेली कामं. पण तिचं खरं काम जून महिन्यात सुरू व्हायचं. आतल्या पाड्यांवरून सहासहा वर्षांची पोरं यायची. मराठीचा एक शब्द येत नसे, आईबाप परतले की फाटकाला धरून उभी राहायची आणि नाव विचारलं की भोकाड पसरायची. गुरुजी दमले की म्हणायचे, सुकरीबाईंना बोलवा.

सुकरी पोराला कधीच नाव विचारत नसे. ती आपलं काम घेऊन त्याच्या शेजारी बसायची, तांदूळ निवडत, नाहीतर द्रोण लावत. पोराच्या तोंडाकडे बघायचीही नाही. थोड्या वेळानं आपण होऊन म्हणायची, मी सुकरी. आणि पुन्हा कामाला लागायची. पुन्हा काही वेळानं, मी सुकरी. कधी दुपार जायची, कधी दोन दिवस जायचे. मग केव्हातरी शेजारून बारीक आवाजात एक नाव ऐकू यायचं. आज त्यातली कितीतरी पोरं बाप्ये आणि बाया झाली आहेत, कुणी पोलिसात आहे, कुणी अहेरीला दुकान टाकून बसलं आहे, आणि बाजारात सुकरी दिसली की हातातलं टाकून तिच्याकडे येतात. आपण काही विशेष करतो असं तिला कधी वाटलं नाही. घाबरलेल्या माणसाकडून आधी काही मागू नये, एवढंच ती म्हणायची.

गावाचे भुमया होते बुधूभाऊ. भुमया म्हणजे देवाचंही बघणारा आणि गावाचंही बघणारा. सुकरीनं त्यांच्यापुढे सगळं मांडलं. बुधूभाऊंनी विडी विझवली आणि सांगितलं, की यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. दुसऱ्या देवांच्या घरातला जाणता माणूस पुढे यावा आणि त्यानं सगळ्यांसमोर त्या बाईला लेक करून घ्यावं. मागे सिरोंच्याकडची एक तेलुगू बाई अशीच या गावची लेक झाली होती. पण त्याला एक रीत होती. बापानं मुलीला तिचं नाव विचारायचं ते तिच्या आईच्या बोलीत. ज्या बोलीत ती पाळण्यात झोपली त्या बोलीत. मग मुलीनं बापाला त्याच्या बोलीत देव विचारायचे. दोघांच्या मध्ये तिसरं तोंड चालायचं नाही. उद्या कुणी म्हणायला नको, की पोरीला काही समजलंच नव्हतं.

"तिच्या बोलीत विचारनारा आनशील कुठून?" बुधूभाऊ म्हणाले. "आनं सात देवाचा जानता मानूस आपल्या गावात एकच हाये. तुले मालूम हाये तो कोन."

सुकरीला माहीत नसायला काय झालं? तो तिचा सख्खा थोरला भाऊ होता, कोलू.

गावाच्या वरच्या टोकाला कोलूचं घर, खालच्या टोकाला सुकरीचं. दोघांच्या मध्ये पाच वर्षांचा अबोला. कोलूला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलीचा, रीनाचा, जन्म झाला तेव्हाच ठरलं होतं की ती आत्याच्या घरी, सुरजला द्यायची. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, ही तर रीतच. पण सुरज नर्सिंग शिकला, नागपूरला राहिला, तिथून हॉलंडला म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात गेला आणि तिथंच काम करणाऱ्या मारिटशी लग्न करायचं म्हणून आईला विचारू लागला. सुकरीनं होकार दिला. पोराच्या आवाजातला आनंद ऐकल्यावर तिला नाही म्हणवलं नाही. कोलू त्या संध्याकाळी तिच्या अंगणात आला, उभ्या उभ्या एवढंच म्हणाला की आजपासून तुझ्या घरचं पाणी मला नाही आणि तुझं नाव माझ्या तोंडी नाही, आणि निघून गेला.

शब्दाचा पक्का माणूस. सुरजचा बाप गेला तेव्हा कोलू आला, तिरडीला खांदा दिला, खड्डा होईपर्यंत उन्हात उभा राहिला. पण बहिणीशी एक शब्द बोलला नाही. रीनाचं पुढे कोरपन्याकडे चांगल्या घरी लग्न झालं, तिला दोन पोरं झाली. माहेरी आली की ती आत्याला हटकून भेटून जायची आणि हसत हसत सांगायची, "आत्या, तुहा सुरज मले नव्हताच पसंत. लयच पुस्तकी." राग तिचा नव्हता. राग बापाचा होता. बहिणीनं शब्द मोडला हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

त्या रविवारी सुकरीनं पाळीवर बसून सुरजला फोन लावला आणि सांगितलं, तुझ्या बायकोला म्हणावं, मला तुमची बोली शिकव. फार नको. नाव सांगायचं कसं आणि विचारायचं कसं, एवढंच.

मारिट खूश झाली. तिनं छातीवर हात ठेवला आणि सावकाश म्हणाली, "इक हेट मारिट." मग बोट सुकरीकडे करून, "हू हेट यै?" मी मारिट नावाची. तुझं नाव काय? सुकरीनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "इक हेट सुकरी." पहिलं वाक्य पहिल्या दमात आलं. दुसऱ्यानं दम काढला. शिवाय त्या लोकांतही लहानमोठं होतं. बरोबरीच्याला आणि लहानाला 'यै', मोठ्या माणसाला 'यू', आणि तो यू म्हणायचा तर ओठांचा चंबू करावा लागे. सुकरीला हे आवडलं. मोठ्याला वेगळं बोलतात म्हणजे माणसं वळणाची आहेत, असं तिनं ठरवून टाकलं.

ओळख झाल्यावर 'भेटून आनंद झाला' अशा अर्थाचा एक शब्द होता, आनखेनाम. त्यातला 'ख' घशात माशाचा काटा अडकल्यावर काढतात तसा काढायचा. सुकरी तो आवाज काढायची आणि तिकडे मारिट आणि इकडे पाळीवर बकऱ्या चारणाऱ्या बाया, दोन्हीकडे हसून मुरकुंडी वळायची. सुकरीही हसायची आणि पुन्हा म्हणायची. साठीला टेकलेली बाई, पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन वाटेनं एकटीच "हू हेट यू, हू हेट यू" करत चाललेली गावानं पाहिली. सुकरीचं डोकं फिरलं असंही कुणी म्हटलं. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. बदल्यात तिनं मारिटला एकच प्रश्न शिकवला, आपले देव किती, तो कशासाठी विचारायचा ते सुरजकडून समजावलं आणि तो घोटून घेतला.

मग मोह पडायला लागला.

मोहाच्या दिवसांत गाव पहाटेच उठून रानात जातं. रात्रभर गळलेली पिवळसर फुलं झाडाखाली पसरलेली असतात, ती उजाडायच्या आत वेचायची. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. नाल्याकाठचं मोठं झाड कोलूचं, म्हणजे सुकरीच्या बापाचं. माहेरच्या झाडावर लेकीचाही हक्क असतो, पण अबोला झाल्यापासून ती त्या झाडाकडे फिरकली नव्हती.

त्या पहाटे ती गेली. स्वतःची टोपली नेली नाही. झाडाच्या एका बाजूला बसली आणि फुलं वेचून कोलूच्या टोपलीत टाकू लागली. कोलू उठला आणि झाडाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. सुकरी त्याच्याकडे न बघता वेचत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "इक हेट सुकरी." आणि पुन्हा वेचू लागली. आणखी थोड्या वेळानं, "हू हेट यू?"

कोलूनं मान वर करून एकदा झाडाकडे पाहिलं आणि टोपली उचलून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. तिनं आपल्या बोलीत त्याला दादा म्हणून हाक मारली नाही, रडली नाही, चूक झाली म्हणाली नाही. चूक झाली असं तिला वाटतच नव्हतं. दुःख मात्र होतं, आणि ते कोलूला सांगून हलकं होण्यातलं नव्हतं. गोंडीत बोलावं तर गोंडीत भांडण होतं, मराठीत बोलावं तर मराठीतही ते झिरपलं होतं. या तिसऱ्या बोलीत त्यांचं अजून काहीच बिनसलं नव्हतं. फाटकाला धरून रडणाऱ्या पोराशेजारी बसावं तशी सुकरी आपल्या साठी ओलांडलेल्या भावाशेजारी बसत राहिली, आपलं नाव सांगत राहिली.

एका पहाटे कोलू वेचता वेचता थांबला. तिच्याशी न बोलता, झाडाच्या बुंध्याला विचारावं तसं म्हणाला, "कोनाची बोली हाये म्हना हे?"

"माह्या सुनेची," सुकरी म्हणाली.

तो उठून गेला. टोपली तिथंच राहिली. सुकरीनं ती भरली, डोक्यावर घेतली, त्याच्या दारात ठेवली आणि घरी आली. आता संपलं, असं तिला वाटलं. त्या दिवशी शाळेत तिच्या हातून भाकरी करपल्या.

तरीही दुसऱ्या दिवशी ती गेलीच. कोलू आधीच येऊन बसला होता, आणि आज तो झाडाच्या तिच्याच बाजूला होता. दोघं वेचत राहिले. सुकरीनं आपलं नाव सांगितलं, त्याचं विचारलं.

"त्याच्यावर काय म्हनाचं रायते?" कोलूनं जमिनीकडे बघत विचारलं.

"आपलं नाव सांगाचं. म्या सांगतलं तसं."

कोलूच्या हातातली फुलं हातातच राहिली. घसा खाकरून तो म्हणाला, "इक हेट कोलू."

पाच वर्षांनी भावानं बहिणीला उत्तर दिलं होतं. सुकरीचे डोळे भरून आले आणि तिनं ते भरू दिले. आनखेनाम म्हणायला हवं होतं, पण तो ख काही आज घशातून निघाला नाही. मग तिनं आपल्या बोलीत, सरळ, जे मागायचं ते मागितलं.

"दादा, तिले लेक करून घे."

"माही लेक तुह्या घरात येनार होती."

"हो."

"जिच्यापायी ते नाई आली, तिले मी लेक म्हनू?"

"हो," सुकरी म्हणाली. "तुह्याशिवाय कोनी नाई. आनं दुसरा कोनी असता, तरी मी तुलेच मांगतलं असतं."

कोलूनं उरलेली फुलं वेचली. टोपली भरली, उचलली आणि निघाला. सुकरीला होकार मिळाला नव्हता आणि नकारही मिळाला नव्हता. ती रात्र तिनं कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. पहाटे ती झाडाखाली पोचली, तर कोलू तिचीच वाट बघत उभा होता. त्यानं विचारलं, "बापानं पोरीले विचाराचं तं कसं विचारतेत? ते यू, का दुसरं?"

मोह सरता सरता सुरज आणि मारिट आले. मारिट उंचीपुरी, उन्हानं लाल झालेली, पोट जरासं दिसू लागलेलं. तिला रीनानं आपलं लुगडं नेसवलं. रीना मुद्दाम कोरपन्याहून आली होती आणि बापाच्या पाठीशी घट्ट उभी होती. देवाच्या सागाखाली गाव जमलं. बुधूभाऊंनी सुरजला लांब बसवलं, सुकरीलाही लांब बसवलं. मारिट एकटी मधल्या पाटावर बसली.

कोलू पुढे आला. पांढरं स्वच्छ धोतर, खांद्यावर नवा पंचा. बापानं नाव विचारावं, एवढीच रीत होती. कोलूनं आधी छातीवर हात ठेवला आणि स्वतःचं सांगितलं, "इक हेट कोलू." मग विचारलं, "हू हेट यै?"

मारिटचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. एवढी माणसं, एवढं ऊन, आणि परक्या मुलुखातल्या म्हाताऱ्याच्या तोंडून निघालेली आपल्या आईची भाषा.  क्षण गेला, दुसरा गेला. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. सुरज अर्धवट उठला, तसं बुधूभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा खाली बसला. सुकरीनं पदर मुठीत धरला. आता तिच्या हातात काही नव्हतं. पोरीनं तोंड उघडलं नाही तर बुधूभाऊ उठतील, गाव उठेल, आणि हे पुन्हा व्हायचं नाही.

कोलू घाबरला नाही. तो खाली मातीतच बसला, मारिटच्या शेजारी. तिच्या तोंडाकडे न बघता त्यानं पंगतीसाठी आणलेली पळसाची पानं ओढली आणि काडीनं टाचून द्रोण लावायला घेतला. एक द्रोण झाला, तो तिच्या पुढ्यात ठेवला. दुसरं पान घेतलं. आणि जणू काही घाई नाहीच, अशा आवाजात पुन्हा म्हणाला, "इक हेट कोलू."

सुकरीनं आपल्या भावाला असं पाहिलं आणि तिला आतून भरून आलं. तो हे तिच्याकडूनच शिकला होता.

"इक हेट मारिट," शेजारून आवाज आला. आधी बारीक, मग मोठ्यानं, "इक हेट मारिट." आणि मग घोटून घोटून पाठ केलेलं गोंडीतलं ते वाक्य, अडखळत, पण पुरतं. आपले देव किती?

"सात," कोलू म्हणाला. त्यानं खांद्यावरचा नवा पंचा काढून तिच्या डोक्यावर घातला. "तुहे देव सात, बाई. आनं तुह्या लेकराचा मामा माहा पोरगा."

बाया उठल्या, गाणं सुरू झालं. सुरज हुंदके देत होता आणि रीना त्याला चिडवत होती. बुधूभाऊ सुकरीजवळ आले आणि त्यांनी तिला दोन्ही हातांनी जोहार केला. भुमयानं आपण होऊन असा जोहार गावात फार थोड्यांना केला होता. ती लाजून उठून उभी राहिली आणि भात शिजला का ते बघायला निघून गेली.

लेक झाली म्हणजे रीतीप्रमाणे आता मारिट बापाच्या घरी राहणार आणि सासरी जाणार ती तिथूनच. सुकरीच्या घरात सुनेसाठी नवी बाज विणून ठेवली होती. त्या बाजेवर सुरज एकटाच झोपला. मुक्कामाच्या सगळ्या रात्री मारिट वरच्या टोकाला कोलूच्या घरी होती. सुकरीला सून भेटायची ती पाहुणीसारखी, दिवसा, तेवढ्यापुरती. सुरजनं एकदा कुरकुर करून पाहिली, की आई, तू तिला धड जवळ बसवूनही घेतलं नाहीस. सुकरी म्हणाली, "तिचं माहेर पक्कं होऊ दे. माहं काय, मी सासू हाओ."

जायच्या दिवशी सकाळी सुरजनं आईच्या पाया पडून बॅग उचलली आणि बायकोला आणायला तो मामाच्या घरी गेला. नागपूरची गाडी तिथंच उभी होती. नवऱ्याकडच्या आईनं पाठवणीला मुलीच्या माहेरी जायचं नसतं. सुकरी गेली नाही. वाटेवर येऊन उभी राहिली असती तर कुणी काही म्हटलं नसतं, पण तिथंही ती राहिली नाही. अंगणात मोह वाळत घालायचा होता, तो तिनं सुपात घेतला.

तेवढ्यात वरच्या टोकाकडून आवाज आला. कोलू रडत होता. पोरीला वाटेला लावणारा बाप रडतो तसा, गळा मोकळा करून, गावानं ऐकावं असा. असा तो रडलेला सुकरीनं याआधी एकदाच ऐकला होता, तिच्या स्वतःच्या पाठवणीला, तेव्हा त्याला नुकतंच मिसरूड फुटलं होतं.

गाडी सुरू झाली, वळणावर थोडा धुरळा उठला आणि बसला. सुकरी सूप हातात घेऊन होती तिथंच उभी राहिली. वरचं रडणं थांबेपर्यंत तिनं ऐकलं. मग ती खाली बसली आणि तळहातानं मोह सगळीकडे सारखा पसरू लागली.